एक जुलै धरू

घड्याळ मनगटावर राहू द्या, पुढे लागणार आहे. मोबाईल मात्र घरीच ठेवा. प्लास्टिकची पाण्याची बाटलीही नको, ती पाहून गोंदियाच्या फलाटावर गर्दी जमेल. अंगात सुती सदरा, पायात चपला, खिशात चिल्लर. आणि अट एकच: बघायचं, हुंगायचं, चाखायचं, घाम पुसायचा, पण पुढे काय होणार हे कुणालाही सांगायचं नाही. ऐन वेळी तोंड शिवशिवेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

बसा मग. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी ही छोटी लाईन. साल १९७३, महिना एप्रिलचा शेवट. डबा एवढा अरुंद की समोरच्याचे गुडघे तुमच्या गुडघ्यांत अडकलेत. खिडकी बंद केली तर जीव गुदमरतो, उघडली तर इंजिनातली कोळशाची कणी डोळ्यात. ती गेलीच. शेजारची बाई न विचारता तुमची हनुवटी धरते, पापणी उलटी करते आणि पदराच्या टोकानं कणी टिपून घेते. ‘‘चोळू नका जी, पाणी येऊ द्या.’’ तिच्या पायाशी टोपलीत वाळलेली मोहफुलं आहेत. त्यांचा गोड, आंबूस, जड वास साऱ्या डब्यात भरलाय. दोन टेशनं गेली की तो कपड्यांतून डोक्यात चढतो. सौंदड मागे पडतं. जंगल दोन्ही बाजूंनी इतकं जवळ येतं की बांबूची पानं खिडकीच्या गजांवर खरखरतात.

अर्जुनीला उतरा. पुढे गोठणगावापर्यंत बैलगाडी, नाहीतर धरणाकडे जाणारा एखादा ट्रक. ट्रक मिळाला तर मागे उभं राहा, बसू नका, पत्रा तापलाय. इटियाडोहाचं पाणी डावीउजवीकडे चमकून जातं, लांबवर प्रतापगडचा डोंगर दिसतो. महाशिवरात्रीला तिथे महादेवाची मोठी यात्रा भरते आणि त्याच डोंगराला ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गाही आहे. या मुलखाला निरनिराळ्या देवांची सवय आहे. तरीही झाडांच्या फटीतून लाल, निळ्या, पिवळ्या कापडांच्या माळा फडफडताना दिसल्या की गाडीवान बैल थांबवून बघतोच. ‘‘कॅम्प आला,’’ तो म्हणतो.

हा नोर्ग्येलिंग कॅम्प. १९७२ साली इथे तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. जिल्हा अर्थातच भंडारा. गोंदिया वेगळा व्हायला अजून पंचवीसेक वर्षं आहेत.

आत या. आधी वास घ्या, कारण दोन वास एकत्र येतात आणि ते एकत्र यायचं काहीच कारण नाही: तेंदूच्या पानांचा हिरवा, तुरट वास आणि त्यावर तापलेल्या लोण्याचा. जंगल साफ करायचं काम चालू आहे. खोड तोडलं तरी बुंधा जमिनीत राहतो. तो काढायला चार माणसं भोवती खणतात, मुळांना कुऱ्हाड घालतात, दोर बांधून ओढतात. एक म्हातारा लोकरी चुबा अर्धा उतरवून, दोन्ही बाह्या कमरेला बांधून काम करतोय. त्याच्या पाठीवर घामोळं उठलंय. त्याच्या गावी उन्हाळ्यातही डोंगरावर बर्फ असायचा. इथे झाडाखालची सावलीसुद्धा गरम आहे. तुम्हाला कुदळ दिली जाते. नाही म्हणू नका. दहा घाव घाला म्हणजे तळहाताला फोड येईल आणि मग तुम्हाला चहा मिळेल.

चहा लाकडी वाटीत येतो. दिवसभर कुदळ मारलेला मराठी माणूस चहा म्हटल्यावर गोडाची अपेक्षा करतो. घोट घेता आणि जीभ दचकते: मीठ, लोणी, वर तरंगणारे तुपकट डोळे. वाढणारी बाई तुमच्याकडे टक लावून बघतेय. गिळा. वाटी खाली ठेवली की ती लगेच भरते, अर्धी रिकामी झाली तरी भरते. थांबवायचं असेल तर भरलेली वाटी तशीच ठेवायची, हे तुम्हाला पाचव्या वेळी कळतं. या बाईला आपण अमाला म्हणू. तिबेटीत आईला हाक मारताना असंच म्हणतात, आणि कॅम्पातल्या निम्म्या बायांना याच नावानं हाक येते. तिचं खरं नाव आपल्याला लागणार नाही. तशी ती अजून आई नाही, वीसेक वर्षांची आहे. पण पुढे तिच्याच घरी आपलं जाणं-येणं राहणार आहे.

रात्री ताडपत्रीखाली झोपा. झोप येणार नाही. उरल्यासुरल्या मोहाच्या वासानं अस्वल येतं. लांबून डबे बडवल्याचा आवाज येतो, मग कुत्री, मग पुन्हा सारं गप्प. मध्यरात्री कुणीतरी कंदील घेऊन धावतं. अंथरुणात मण्यार निघालाय. गोठणगावचा माणूस असता तर काठीनं प्रश्न मिटवला असता. इथे दोन तरुण बांबूच्या फटीत त्याला धरतात आणि तोंडानं मंत्र पुटपुटत जंगलाच्या कडेला सोडून येतात. तुम्ही पाय पोटाशी घेऊन पहाटेपर्यंत बसून काढता.

आता कॅम्पातला आणखी एक दिवस दाखवतो, जो वर्षातून एकदा येतो आणि ज्याची धास्ती अस्वलापेक्षा जास्त असते. त्या दिवशी भंडाऱ्याला जायचं असतं.

तीन वाजता उठायचं. अमाला कापडात गुंडाळलेलं एक पुस्तक काढते, पुन्हा गुंडाळते, चुब्याच्या आत छातीशी ठेवते. ही आरसी. नोंदणीचं प्रमाणपत्र. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यानुसार अमाला परदेशी आहे, आणि १९३९ च्या नोंदणी कायद्यानुसार तिला आपलं नाव, पत्ता, फोटो पोलिसांकडे नोंदवून ठेवावा लागतो आणि ठरल्या मुदतीनं नवा शिक्का आणावा लागतो. निर्वासितांसाठी असा वेगळा कायदा भारतात नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावरही आपली सही नाही. म्हणून सहलीला आलेला जर्मन आणि बुंधे उपटणारी अमाला कायद्याच्या एकाच खणात बसतात. जर्मनाला परत जायला घर आहे, एवढाच फरक.

एसटीचा लाल डबा. नवेगावबांध, कोहमारा, मग मोठा रस्ता, साकोली, लाखनी. साकोलीच्या स्टँडवर आलुबोंडा खा. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तेल उतरून कालची बातमी पारदर्शक होते. लाखनीपुढे गिरण्यांचा भुसा खिडकीतून आत येऊन केसांत बसतो. भंडाऱ्यात उतरता तेव्हा पितळी भांडी ठोकल्याचा टणटणाट कुठल्यातरी गल्लीतून येत असतो आणि ऊन डोक्यावर आलेलं असतं.

पोलीस अधीक्षक हेच जिल्ह्याचे परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी. त्यांच्या कचेरीच्या व्हरांड्यात बाकडं आहे आणि बाकड्यावर जागा नाही. भिंतीला टेकून बसा. पंखा आतल्या खोलीत आहे, त्याचा आवाज तेवढा बाहेर येतो. आत बसलेला लिपिक काही वाईट माणूस नाही. त्याला जेवायला घरी जायचंय, आणि त्याच्यासमोरचा रकाना भरत नाहीये.

‘‘नाव?’’

अमाला सांगते.

‘‘वडिलांचं नाव?’’

तेही सांगते.

‘‘आता आडनाव सांगा.’’

ती गप्प. तिबेटी लोकांत बहुतेकांना आडनाव नसतं. दोन नावं असतात, दोन्ही स्वतःचीच, बहुधा कुणा लामानं ठेवलेली.

‘‘म्हणजे बापाचं नाव पोराच्या नावात येतच नाही?’’ लिपिक चष्मा वर करतो. ‘‘मग हा याचाच पोरगा, हे कसं समजायचं जी?’’

प्रश्न खोचक नाही, त्याला खरंच पडलाय. मागच्या माणसाचं पहिलं नाव तेन्झिन, त्याच्या मागच्याचंही तेन्झिन, व्हरांड्यातल्या पोरीचंही तेन्झिन. दलाई लामांच्या नावातलं हे नाव कॅम्पात घरोघरी आहे, मुलगा असो वा मुलगी. लिपिक थोडा विचार करतो, रकान्यात आडवी रेघ मारतो आणि शिक्का उचलतो. ओल्या शाईचा वास. धप्प. अमाला त्या शाईवर फुंकर घालत बाहेर येते आणि ती पुरती सुकेपर्यंत पुस्तक मिटत नाही.

परतीच्या बसला अजून वेळ आहे. तेवढ्यात तुम्हाला दिल्लीला नेऊन आणतो. हा शिक्का जिथे तयार झाला ती जागा पाहिली नाही तर दौरा अर्धवट राहील.

११ ऑगस्ट १९४९. संविधान सभेची प्रेक्षक गॅलरी. दिल्लीचा ऑगस्ट म्हणजे उकडलेला टॉवेल. खाली खांबांवर उलटे बसवलेले पंखे आहेत. घुमट इतका उंच की छतावरून सोडायची सोय नाही. वारा सभासदांना लागतो, तुम्हाला नाही. खादीच्या ओल्या पाठी, कागदांची सळसळ, अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद. विषय: भारताचा नागरिक कोण? आदल्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांनी हे कलम मांडताना सांगितलं होतं की मसुदा समितीला इतकी डोकेदुखी एखादाच अपवाद सोडला तर दुसऱ्या कुठल्या कलमानं दिली नाही. (पाच वर्षांनी हेच बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवणार आहेत आणि भंडारा त्यांना पाडणार आहे. तोंड आवळून बसा.)

आता बोलायला उठलेत ते आपल्या अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख. कलम त्यांना साफ नापसंत आहे. या व्याख्येनं भारताचं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त होईल, असा त्यांचा आक्षेप. उदाहरण तर असं देतात की गॅलरीतली माणसं पुढे सरकून ऐकू लागतात: एक जोडपं विमानानं चाललंय, मुंबईला काही तास थांबलंय, तेवढ्यात बाई बाळंत झाली, तर ते मूल भारताचं नागरिक होणार! आईबापांची इच्छा असो की नसो. दुसऱ्या देशाचे नागरिक नसलेल्या हिंदू आणि शिखांना मात्र ते जगात कुठेही असले तरी इथे हक्क मिळावा, अशी त्यांची सूचना आहे. सभा ती स्वीकारत नाही. पण विमानातल्या त्या बाळाला बघून घ्या. भारताच्या कायदेमंडळात जन्मस्थानावर वाद घालणाऱ्यांना एक बाळ नेहमी लागतं, आणि ते बाळ बहुधा काल्पनिक असतं.

पास हातात आहे तर गॅलरीत आणखी दोनदा डोकावू. १९८६. नागरिकत्व कायद्यात दुरुस्ती आली आहे. तोवर नियम सरळ होता: २६ जानेवारी १९५० पासून जो भारतात जन्मला तो भारताचा. आता त्याला दार बसतंय. १ जुलै १९८७ पासून नुसता जन्म पुरणार नाही, आई किंवा बाप भारतीय लागेल. कारणं सांगताना बांगलादेशाचं नाव येतं, श्रीलंकेचं येतं, काही आफ्रिकी देशांचं येतं. ज्यांना नजरेसमोर ठेवून हे दार बसवलं त्यांच्यात तिबेटी नव्हते. पण दार काही चेहरा बघून अडवत नाही.

आणि २७ मार्च २०२५, नव्या इमारतीतली लोकसभा. इथे गारवा इतका की अंगावर शाल हवी. परदेशी माणसांबद्दलचे १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे मोडीत काढून एकच नवा कायदा येतोय. विरोधी बाकांवरून मागणी होते, हे विधेयक संसदीय समितीकडे पाठवा, बारकाईनं तपासा. पाठवलं जात नाही, ते त्याच दिवशी मंजूर होतं. तिबेटी लोकांना यातून मिळालेली सूट नव्या कायद्याच्या पोटात शोधू नका. ती नंतर सरकारनं काढलेल्या आदेशात आहे, आणि आदेश बदलायला संसदेत हात वर करावे लागत नाहीत. संसदेनं समितीत बसून दोन महिने खल केला असता तर निदान कुणीतरी एक दिवस भंडाऱ्याच्या व्हरांड्यातल्या माणसाला साक्षीला बोलावलं असतं, असं मला वाटतं. वाटण्याला काय, फुकट आहे.

चला, बस चुकेल. यावेळी थेट १९८७ मध्ये उतरा, जूनच्या शेवटच्या दिवशी.

कॅम्प ओळखू येत नाही. बुंधे गेले, तिथे बांध्या झाल्या. पाणी धरलंय, पऱ्हे हिरवे तरारलेत. ताडपत्र्या जाऊन भिंती आल्या, देवळाला सोनेरी कळस आला. थंडीत इथली निम्मी माणसं नागपुरासारख्या शहरांत जाऊन फुटपाथवर स्वेटर विकतात आणि धानाच्या हंगामाला परत येतात. तुमच्या लहानपणचा तो न टोचणारा मरून स्वेटर आठवतोय? घासाघीस करणारी तुमची आई आणि हसून ‘‘फिक्स रेट’’ म्हणणारी एखादी अमाला? ती इथली असू शकते.

बेडकांचा गजर चालू आहे. चिखलात चप्पल रुतते, सोडून द्या, अनवाणी चला. वीज गेलीय. अमालाच्या घरात कंदील आहे, चुलीवर पाणी आहे आणि शेजारणी आहेत. तीन वर्षांची थोरली पोर कोपऱ्यात झोपलीय. ती १९८४ ची. आज दुसरं येतंय. तुम्ही पुरुष असाल तर बाहेर पडवीत, नवऱ्याबरोबर; बाई असाल तर आत, पाय धरायला. दोन्हीकडे तेवढाच घाम. पत्र्यावर पाऊस इतका वाजतो की आतला आवाज बाहेर येत नाही. नवरा माळेचे मणी सरकवतोय आणि मधेच मोजणी चुकून पहिल्यापासून सुरू करतोय. ओल्या मातीचा, राळेच्या धुपाचा, डेटॉलचा आणि रॉकेलचा वास.

मग पाऊस क्षणभर ओसरतो आणि त्या फटीत एक किरटा, रागावलेला आवाज येतो.

आता घड्याळ बघा. म्हणून तर ते आणायला सांगितलं होतं. अकरा वाजून चाळीस मिनिटं. तारीख अजून ३० जूनच. या पोरानं मंत्र्याला विचारून वेळ साधली असती तरी इतकी बिनचूक साधली नसती. मध्यरात्रीला वीस मिनिटं राहिलीत आणि घरातल्या एकालाही त्या वीस मिनिटांचं काही नाही. शेजारीण हात धुते, पाणी अंगणात फेकते आणि मुलगा झाला म्हणते. नवरा चौथ्यांदा सुरू केलेली माळ अर्ध्यावर ठेवून उठतो. तुम्हाला छांगची वाटी मिळते, तांदळाची, आंबटगोड, गरम. प्या. आनंदात असताना कायदा आठवणं वाईट.

सहा दिवसांनी, ६ जुलैला, दलाई लामांचा वाढदिवस. सारा कॅम्प नव्या चुब्यांत, ढोल, नाच, चिखलातून वाट काढणारी म्हातारी माणसं. पाठुंगळीला बांधलेलं ते बाळ या गोंगाटात गाढ झोपलंय. हा दिवस ध्यानात ठेवा, पुराव्यात येणार आहे.

पाच वर्षं पुढे. १९९२, जूनचा शेवट. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिराच उघडतात. खोलीला नुकताच चुना लावलाय, हात टेकलात तर पांढरा होईल. टेबलावर हजेरीचं मोठं रजिस्टर, त्यावर दाबून ठेवलेला डस्टर. मास्तर जवळच्याच गावचे, सायकलवर येतात, धोतराला चिखल लागू नये म्हणून क्लिपा लावतात. समोर अमाला आणि तिचा हात घट्ट धरलेला तो. त्याला नवी चड्डी टोचतेय, सारखा एक पाय दुसऱ्यावर घासतोय.

‘‘नाव लिहिलं. आता जन्मतारीख सांगा बाई.’’

अमाला आता बरी मराठी बोलते, बाजारातली. ‘‘सशाचं वर्ष,’’ ती म्हणते.

‘‘सशाचं वर्ष ठीक आहे, पण तारीख?’’

तिबेटी घरांत जुन्या पद्धतीनं वाढदिवस मोजत नाहीत, लोसारला म्हणजे नव्या वर्षाला सगळेच एका वर्षानं मोठे होतात. अमाला बोटांवर आठवते. सागादावाचा महिना संपला होता. पाचवा लागला होता, चारदोन दिवस झाले होते. पाऊस होता. बांध्यांत पाणी होतं.

मास्तर पेन टेबलावर आपटतात. ‘‘अहो, सरकारी रजिस्टरात पाऊस कुठी लिहू?’’

‘‘सहा जुलैला हा पाठीवर होता,’’ ती एकदम म्हणते. ‘‘आठवड्याचा पण नव्हता.’’

मास्तरांचा चेहरा उजळतो. हे त्यांना कळतं. सहा जुलै, आठवड्याचा नाही, म्हणजे तीस जून ते सहा जुलै यांच्या मधलं काहीतरी. आणि या मधल्या काहीतरीसाठी महाराष्ट्रातल्या प्रत्येक मास्तराच्या पेनात एक तारीख तयार असते. तुमच्या आजोबांची कुठली होती, आठवा. वडिलांची? शाळेत घालायला आणलेल्या पोराचं वय भरावं, हिशेब सोपा व्हावा, म्हणून गावोगाव एक जून किंवा एक जुलै. सारा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला. इथून जवळ, गोठणगावातही एक जुलै या तारखेची ढीगभर पोरं असतील. त्यांना तिचा फटका बसलाच तर म्हातारपणी बसतो: सरकारी नोकरी लागली तर ३० जूनला निवृत्त व्हायचं आणि दुसऱ्या दिवशीची वेतनवाढ हुकली म्हणून कोर्टात जायचं.

‘‘मग एक जुलै धरू,’’ मास्तर म्हणतात.

आता तुमच्या तोंडाचं काय ते बघा. तुम्ही त्या रात्री पडवीत होतात. तुम्ही घड्याळ पाहिलंय. चुन्याच्या भिंतीला टेकून तुम्ही उभे आहात, टेबल दोन पावलांवर आहे, आणि म्हणायचे आहेत दोनच शब्द: तीस जून. मास्तरांना काही फरक पडणार नाही. उलट ते म्हणतील, बरं झालं बाप्पा सांगितलं. अमालाही मान डोलावेल.

पेन दौतीत बुडतं. मास्तरांचं अक्षर सुरेख आहे, वळणदार. १-७-८७. अक्षरी: एक जुलै एकोणीसशे सत्त्याऐंशी. वर टीपकागद दाबतात.

‘‘हाव, झालं. उद्यापासून पाठवा.’’

पोरगं धूम ठोकतं. तुम्हीही बाहेर या, आत उकडतंय.

त्या नोंदीचं पुढे लगेच काही होत नाही. सोळाव्या वर्षी परदेशी माणसाला आरसी काढावी लागते. थोरलीनं काढली होती. २००३ साली तोही काढतो. मधल्या काळात, १ मे १९९९ ला, गोंदिया जिल्हा वेगळा झालाय, त्यामुळे शिक्क्यासाठी आता भंडाऱ्याऐवजी गोंदियाला जायचं. व्हरांडा बदलला, बाकडं तेच. काऊंटरवर दोघं बहीणभाऊ सारखेच परदेशी. कायद्याच्या पुस्तकात लिहिलं काहीही असो, जुलै १९८७ पूर्वी इथे जन्मलेल्या तिबेटींना नागरिक मानायला सरकार तयार नव्हतं. मग कांगड्यात जन्मलेली एक तिबेटी तरुणी पासपोर्टसाठी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये न्यायालयानं सांगितलं की ती जन्मानंच भारतीय आहे. तरी पासपोर्ट कचेऱ्यांनी फाटे फोडले, आणखी अर्ज, आणखी निकाल. शेवटी २०१७ मध्ये परराष्ट्र खात्यानं मान्य केलं.

हा आपला शेवटचा मुक्काम. २०१७, पावसाळा. अमालाचं घर, स्लॅबचं. टीव्हीवर आवाज बंद करून क्रिकेट चालू आहे. गॅसवर थुक्पा उकळतोय, शेजारी लाखोळीची डाळ. दोन्ही एकाच घरात शिजायला लागून जमाना झाला. थोरली तेहतीस वर्षांची, मोबाईलवर पासपोर्टचा अर्ज उघडून बसलीय. धाकटा दारात मोटारसायकलची चेन साफ करतोय, हात काळे.

जन्म १९८४, भंडारा जिल्हा. थोरली भारतीय आहे, जन्मल्यापासून आहे, फक्त कळायला तेहतीस वर्षं लागली. पण पासपोर्टला अटी आहेत, त्या ती मोठ्यानं वाचते. आरसी परत करायची. प्रवासाचं ते पिवळं ओळखपुस्तकही परत करायचं. तिबेटी प्रशासनाकडून कुठलाही लाभ घेणार नाही, असं लिहून द्यायचं. आणि नेमून दिलेल्या तिबेटी वसाहतीत राहायचं नाही.

‘‘म्हणजे हे घर?’’ अमाला विचारते.

‘‘सोडायचं.’’

‘‘कुठे जाणार?’’

‘‘नागपूर. खोली बघितलीय.’’

धाकटा चेनला तेल लावता लावता हसतो. ‘‘मला राहता येतं इथे,’’ तो म्हणतो. ‘‘मी परदेशी आहे.’’

कुणीच हसत नाही, मग तोच पुन्हा एकटा हसतो. त्याच्या दाखल्यावर १ जुलै आहे. कायदा म्हणतो, १ जुलैच्या आधी जन्मलेला. त्यानं हे पूर्वीच तपासलंय, शाळेचं रजिस्टरही जाऊन पाहिलंय, मास्तरांच्या सुरेख अक्षरातलं. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, पाऊस होता.

तुमची चुळबुळ मला दिसतेय. बसा खाली. त्या रात्रीची शेजारीण आता नाही. आणि तुम्ही साक्ष दिलीत तरी पहिला प्रश्न असा येईल की त्या रात्री आपण तिथे काय करत होतात, आणि आपली जन्मतारीख काय.

थोरली पुढच्या रकान्यावर अडलीय. जन्माचं ठिकाण भरलं, राज्य भरलं. जिल्हा निवडायचाय. जन्मली तेव्हा भंडारा होता. ज्या खोलीत जन्मली ती खोली आता गोंदियात आहे. आणि धरमशालेत नाहीतर बायलाकुप्पेत कुणी विचारलं तर सारा कॅम्प आजही सांगतो, आम्ही भंडाऱ्याचे.

‘‘भंडारा टाकू की गोंदिया?’’ ती विचारते.

‘‘दाखल्यावर काय आहे ते टाक,’’ धाकटा म्हणतो आणि काळे हात पुसायला फडकं शोधत आत येतो.